तीन शंकूंसाठी : डेव्हिड डग्लस आणि साखरी पाइन



सूचिपर्णी वृक्षांचा पाठ शिकवताना आपल्या सगळ्यांचीच एक अडचण होते. झाड समोर नसतं. पुस्तकात एक चित्र असतं आणि त्याखाली चार ओळी असतात. पानं सुईसारखी, फळाऐवजी शंकू, बी उघडं, झाड सदाहरित. मुलं हे पाठ करतात, पेपरात लिहितात आणि सुट्टी लागली की विसरून जातात. कोकणातली मुलं तर समुद्रकिनाऱ्यावरचं सुरूचं झाड दाखवून विचारतात, सर, हेच ना ते पाइन? प्रश्न चांगला आहे. त्याच्याकडे आपण शेवटी येऊ.

आज मी तुम्हाला एका माळ्याची गोष्ट सांगणार आहे. त्याचं नाव डेव्हिड डग्लस. पाइनच्या फक्त तीन शंकूंसाठी त्याने जीव धोक्यात घातला होता. ही गोष्ट वर्गात सांगितली की पाइनची बहुतेक लक्षणं त्यात आपोआप येतात, कारण तिच्यात जे घडलं त्यातलं बरंचसं त्या झाडाच्या ठेवणीमुळेच घडलं. आणि तिच्यात आणखीही एक मुद्दा आहे. शोध लावला, असं आपण सहज लिहितो. त्याचा नेमका अर्थ काय, हे ही गोष्ट आपल्याला विचारायला लावते.

शाळेत न रमलेला मुलगा

डेव्हिडचा जन्म २५ जून १७९९ रोजी स्कॉटलंडमधल्या स्कोन या गावी झाला. वडील पाथरवट होते. घरची परिस्थिती बेताचीच. मुलगा शाळेत जायचा, पण त्याचं मन तिथे लागायचं नाही. रानात भटकणं, मासे पकडणं, पक्षी पाळणं यात तो रमायचा. त्याने घुबडं पाळली होती आणि खाऊसाठी मिळालेले पैसे तो त्यांच्या खाण्यावर खर्च करायचा. शाळेला दांडी मारल्याबद्दल त्याला शिक्षाही व्हायची.

असा मुलगा आपल्या प्रत्येक वर्गात एखादा तरी असतोच. अशा मुलाचं काय होणार, याची काळजी त्याच्या आईवडिलांनाही वाटली असणारच. त्यांनी त्याला अकराव्या वर्षी स्कोनच्या राजवाड्याच्या बागेत उमेदवारीला लावलं. विल्यम बीटी या मुख्य माळ्याच्या हाताखाली तो सात वर्षं राबला. वाफे करणं, कलमं बांधणं, बिया पेरणं, रोपं जपणं हीच त्याची शाळा झाली.

पुढे १८१८ साली तो व्हॅलीफील्ड इथल्या एका मोठ्या बागेत कामाला लागला. तिथल्या मालकांकडे वनस्पतींवरच्या पुस्तकांचा चांगला संग्रह होता आणि डेव्हिडला तो वाचायला मिळाला. शाळेत पुस्तकाकडे न बघणारा हा मुलगा इथे पुस्तकं वाचू लागला, कारण आता पुस्तकातलं झाड त्याला बागेत दिसत होतं. हा भाग पालकांनी जरूर लक्षात घ्यावा. मुलाला वाचनाची नावड असते असं आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा पुस्तकातली वस्तू त्याने कधी हातातच घेतलेली नसते.

१८२० मध्ये तो ग्लासगोच्या वनस्पती उद्यानात आला. त्याच वर्षी तिथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून विल्यम हूकर रुजू झाले. या तरुण माळ्याची नजर तीक्ष्ण आहे हे हूकर यांच्या लक्षात आलं. त्यांनी त्याला स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात सोबत नेलं, झाडाचा नमुना कसा दाबायचा, वाळवायचा, नोंद कशी करायची हे शिकवलं. एका चांगल्या शिक्षकाची साथ मिळाली आणि डेव्हिडचा रस्ता बदलला. १८२३ मध्ये हूकर यांच्याच शिफारशीने लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्याला वनस्पती गोळा करण्यासाठी अमेरिकेला पाठवलं. पहिली सफर पूर्व अमेरिकेची होती. ती यशस्वी झाली आणि लगेच दुसरी, फार मोठी सफर ठरली.

तंबाखूच्या पिशवीतलं बी

२६ जुलै १८२४ रोजी डग्लस विल्यम अँड अॅन नावाच्या जहाजाने निघाला. पनामाचा कालवा तेव्हा नव्हता. जहाज दक्षिण अमेरिकेला वळसा घालून, वाटेत गॅलापॅगोस बेटांवर थांबून, एप्रिल १८२५ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कोलंबिया नदीच्या मुखाशी पोचलं. आठ महिन्यांहून जास्त काळ समुद्रावर गेला. नदीकाठी हडसन बे कंपनीचं फोर्ट व्हँकुव्हर हे ठाणं होतं. कंपनीचा धंदा प्राण्यांच्या कातड्यांचा. डग्लसला तिथे राहायला जागा मिळाली तीसुद्धा आधी एक तंबू आणि मग झाडांच्या सालींची झोपडी.

ऑगस्ट १८२५ मध्ये तो आजच्या ओरेगन राज्यातल्या विलामेट नदीच्या परिसरात फिरत होता. तिथल्या एका मूळ रहिवाशाच्या तंबाखूच्या पिशवीत त्याला काही बिया दिसल्या. त्या पाइनच्या होत्या, पण आकाराने भलत्याच मोठ्या. तिथली माणसं त्या खात असत.

इथे जरा थांबा आणि डग्लसच्या नजरेने बघा. स्कॉटलंडमध्ये मूळचा पाइन एकच, स्कॉट्स पाइन. त्याचा शंकू साधारण लिंबाएवढा आणि बी तिळापेक्षा थोडं मोठं. आणि इथे बी निघालं शेंगदाण्याएवढं. एवढं मोठं बी ज्याचं, ते झाड साधं असणार नाही, हे बागेत वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. चौकशी केल्यावर कळलं की हे झाड दक्षिणेकडच्या डोंगरांत वाढतं. तेव्हापासून हे झाड त्याच्या डोक्यात बसलं. त्याला प्रत्यक्ष गाठायला मात्र वर्षाहून जास्त काळ जायचा होता.

झाडाची ओळख

गोष्ट पुढे नेण्याआधी या झाडाची ओळख करून घेऊ. इंग्रजीत त्याला शुगर पाइन म्हणतात, आपण साखरी पाइन म्हणू. शास्त्रीय नाव पायनस लॅम्बर्टियाना. ओरेगनच्या डोंगरांपासून कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतातून थेट मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत हे झाड मूळचं आढळतं.

पानं : पाइनची पानं सुईसारखी असतात, एवढं सांगून भागत नाही. पाइन ओळखायचा तर सुया मोजाव्या लागतात. त्या एकेकट्या नसतात, छोट्या जुडीत येतात. स्कॉट्स पाइनच्या जुडीत दोन सुया, आपल्या हिमालयातल्या चीडच्या जुडीत तीन, आणि साखरी पाइनच्या जुडीत पाच. हिमालयातला कैल हाही पाच सुयांचा, त्याच गटातला. जुडीतल्या सगळ्या सुया एकत्र धरल्या तर एक गोल काडी तयार होते. म्हणून दोन सुयांच्या जुडीत प्रत्येक सुई अर्धगोल असते आणि पाचांच्या जुडीत ती तिकोनी असते. केकचे तुकडे केल्यासारखंच हे आहे. साखरी पाइनची सुई साधारण ५ ते ११ सेंटीमीटर लांब असते. म्हणजे एवढ्या अजस्र झाडाची पानं तशी आखूडच.

खोड : पाइनच्या सगळ्या जातींमध्ये हे सर्वांत उंच झाड. ४० ते ६० मीटर उंची नेहमीची आणि काही झाडं ८० मीटरच्याही वर गेलेली आहेत. खोड सरळसोट. मोठ्या झाडाला बऱ्याच उंचीपर्यंत फांदीच नसते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

शंकू : पाइनला फूल येत नाही, फळही येत नाही. नर शंकू लहान असतात. त्यांतले परागकण वाऱ्यावर उडतात आणि मादी शंकूच्या खवल्यांमध्ये जाऊन पडतात. मादी शंकू लगेच पिकत नाही. परागकण पोचल्यावर प्रत्यक्ष फलन पुढच्या वर्षी होतं आणि त्या दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्याअखेरीस शंकू पिकतो. साखरी पाइनचा मादी शंकू जगातल्या सगळ्या शंकूधारी वृक्षांमध्ये सर्वांत लांब. २५ ते ५० सेंटीमीटर हे त्याचं नेहमीचं माप. ते शेंड्याकडच्या लांब, आडव्या फांद्यांच्या टोकांना खाली लोंबत असतात. वजनाने सर्वांत जड शंकू मात्र याचा नव्हे, तो कॅलिफोर्नियातल्याच कोल्टर पाइनचा.

बी : प्रत्येक खवल्यावर दोन बिया असतात. त्या कुठल्याही फळाच्या आत बंद नसतात, खवल्याच्या पृष्ठावर उघड्याच असतात. अनावृतबीजी हा जो जड शब्द आपण शिकवतो, त्याचा अर्थ एवढाच. बीला पंख असतो, पण बी जड असल्याने वारा तिला फार लांब नेऊ शकत नाही. मग हे काम खारी आणि पक्षी करतात. ते बिया जमिनीत पुरून ठेवतात, काही खातात, काही विसरतात. विसरलेल्या बियांतून नवी झाडं उगवतात.

राळ : खोडाला आगीने किंवा कुऱ्हाडीने जखम झाली की त्यातून जो रस पाझरून सुकतो तो चक्क गोड लागतो. नावातली साखर ती हीच. तिथले मूळ रहिवासी ती चाखत असत. जास्त खाल्ली तर पोट सुटतं, हेही त्यांना ठाऊक होतं.

२६ ऑक्टोबर १८२६

२० सप्टेंबर १८२६ रोजी डग्लस कंपनीच्या एका तुकडीबरोबर दक्षिणेकडे निघाला. ऑक्टोबर म्हणजे तिथे पावसाचे दिवस. कपडे, अंथरूण, नमुन्यांचे कागद सगळं ओलं. एका हरणामागे धावताना तो खोल घळीत पडला आणि बराच वेळ बेशुद्ध होता. कालापूया जमातीच्या काही माणसांना तो सापडला. त्यांनी त्याला घोड्यावर बसवून दिलं म्हणून तो मुक्कामी पोचू शकला. त्यानंतर वादळ आलं. रात्री तंबू उडाला, आजूबाजूला झाडं कोसळत होती.

२६ ऑक्टोबरला सकाळी तो उम्पक्वा नदीच्या खोऱ्यात एकटाच बाहेर पडला. तासाभरात त्याला तिथला एक रहिवासी भेटला. अनोळखी गोरा माणूस बघून त्या माणसाने धनुष्याची दोरी चढवली. डग्लसने आपली बंदूक जमिनीवर ठेवली, त्यालाही धनुष्य ठेवायची खूण केली आणि थोडी तंबाखू व मणी दिले. आता विचारायचं कसं? दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. डग्लसने पेन्सिल काढली आणि कागदावर शंकूचं व पाइनच्या झाडाचं चित्र काढलं. त्या माणसाने चित्र बघितलं आणि लगेच दक्षिणेच्या डोंगरांकडे बोट दाखवलं. एवढंच नाही, तो वाट दाखवायला सोबतही निघाला.

चित्रकलेचा तास आपण अनेकदा गणिताला देऊन टाकतो. पण इथे एका माळ्याच्या हातचं नेमकं चित्रच दोन माणसांमधली भाषा झालं. शंकूचा आकार चुकला असता तर समोरच्याला काहीच कळलं नसतं.

दुपारच्या सुमारास डग्लस त्या झाडांपाशी पोचला. एक प्रचंड झाड वाऱ्याने उन्मळून आडवं पडलेलं होतं. त्याने ते मोजलं. त्याच्या वहीतली मापं अशी आहेत : बुंध्यापासून ३ फुटांवर घेर ५७ फूट ९ इंच, १३४ फुटांवर घेर १७ फूट ५ इंच आणि एकूण लांबी २१५ फूट. मीटरमध्ये सांगायचं तर घेर जवळजवळ साडेसतरा मीटर आणि लांबी साडेपासष्ट मीटर. एखादी वीस मजली इमारत आडवी पडलेली डोळ्यांसमोर आणा.

पण त्याला शंकू हवे होते, आणि ते उभ्या झाडांच्या शेंड्याला लटकत होते. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आता आठवा. खोडाला खाली फांदीच नाही. चढायचं कसं? झाड तोडणं एकट्याचं काम नव्हे. डग्लसने बंदूक उचलली आणि गोळ्या मारून शंकू तोडायला सुरुवात केली. तीन शंकू खाली पडले.

बंदुकीच्या आवाजाने आठ माणसं तिथे आली. अंगावर लाल मातीचे पट्टे, हातात धनुष्यबाण, भाले, गारगोटीचे सुरे. डग्लसने काय हवं आहे ते समजावलं. ती माणसं बसली, पण एकाने धनुष्याला दोरी चढवली, दुसरा सुरीला धार लावू लागला. डग्लस पाच-सहा पावलं मागे सरला, बंदूक रोखली आणि पट्ट्यातलं पिस्तूल काढलं. बराच वेळ कुणीच हललं नाही. अखेर त्यांच्या म्होरक्याने तंबाखू मागितली. डग्लसने खुणेने सांगितलं की मला आणखी शंकू आणून द्या, मग तंबाखू देतो. ती माणसं शंकू शोधायला गेली. ती दिसेनाशी होताच डग्लसने आपले तीन शंकू आणि काही डहाळ्या उचलल्या आणि तडक मुक्कामाकडे धूम ठोकली. त्या रात्री पाइनच्या लाकडाच्या ढलपीच्या उजेडात, बंदूक जवळ ठेवून त्याने हे सगळं वहीत लिहिलं.

वर्गात ही गोष्ट सांगताना आपण सहज डग्लसला नायक आणि त्या आठ जणांना खलनायक करून टाकू. तसं करू नका, अशी माझी विनंती आहे. जंगल त्यांचं होतं. एक अनोळखी माणूस त्यांच्या अन्नाच्या झाडांवर गोळ्या झाडत होता. त्यांनी येऊन बघणं साहजिकच होतं. तंबाखू द्यायचं कबूल करून ती न देता पळाला तो डग्लस. आणि ही हकिकत आपल्याला फक्त त्याच्या वहीतून कळते. त्या आठ जणांची बाजू कुणी लिहून ठेवली नाही. तीनच दिवसांपूर्वी त्याला घळीतून सोडवणारी माणसंही इथलीच होती, आणि त्या दिवशी सकाळी वाट दाखवणारा माणूससुद्धा. त्यांच्यापैकी एकाचंही नाव त्या नोंदीतून आपल्यापर्यंत आलेलं नाही.

नाव कुणाचं?

१८२७ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या अंकात या झाडाचं शास्त्रीय वर्णन डग्लसच्या नावाने छापून आलं. नाव ठेवलं पायनस लॅम्बर्टियाना. हे लॅम्बर्ट म्हणजे एल्मर बर्क लॅम्बर्ट, पाइनवर मोठा ग्रंथ लिहिणारे लंडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी या झाडाच्या जंगलात कधी पाऊल टाकलं नव्हतं.

मग शोध कुणी लावला? ज्यांच्या पिशवीत बिया होत्या त्यांना झाड कुठे वाढतं, बी कधी पिकतं, राळ कशी लागते, सगळं माहीत होतं. त्यांच्यासाठी त्यात शोधण्यासारखं काही नव्हतं. डग्लसने वेगळं केलं ते असं : त्याने मोजलं, चित्र काढलं, नमुना वाळवला, तारीख लिहिली आणि हे सगळं अशा ठिकाणी पोचवलं की जगात कुठेही बसलेला माणूस ते पडताळून पाहू शकेल. हे कामही मोठंच आहे. पण मुलांना शोध लावला असं सांगण्याऐवजी, विज्ञानाला या झाडाची पहिली नेमकी ओळख करून दिली, असं सांगितलं तर ते जास्त खरं होईल.

डग्लसच्या स्वतःच्या नावाचीही गंमत आहे. इमारती लाकडासाठी प्रसिद्ध असलेल्या डग्लस फर या झाडाला लोक त्याच्या नावाने ओळखतात. पण ते खरं फरही नाही आणि पाइनही नाही, त्याची प्रजातीच वेगळी. शिवाय त्याच्या शास्त्रीय नावात डग्लस नाही, त्याच्या आधी तिथे जाऊन आलेल्या मेन्झीस यांचं नाव आहे. त्या काळात शंकू येणाऱ्या बऱ्याच झाडांना सरसकट पायनस म्हणत. सुया जुडीत आहेत की एकेकट्या, शंकू लोंबतो की उभा राहतो, खवले गळतात की टिकतात, असं बारकाईने बघत बघत मग वेगवेगळ्या प्रजाती ठरत गेल्या. वर्गीकरण म्हणजे पाठ करायची यादी नव्हे, हे सांगायला हे उदाहरण फार उपयोगी पडतं.

पुढची वर्षं

१८२७ मध्ये डग्लस रॉकी पर्वत ओलांडून, पायी आणि होडीने अख्खं खंड पार करून हडसनच्या उपसागरापर्यंत गेला आणि ऑक्टोबरमध्ये लंडनला पोचला. वाटेत त्याने माउंट ब्राउन हे शिखर चढलं आणि त्याची उंची सोळा-सतरा हजार फूट असावी असा अंदाज लिहिला. प्रत्यक्षात ते साधारण ९,२०० फूटच आहे. तोच माणूस, तीच वही. टेपने मोजलेलं झाड आणि नजरेने मोजलेला डोंगर यांत किती फरक पडतो बघा.

लंडनमध्ये त्याचा मोठा सत्कार झाला, पण तिथे तो रमला नाही. चिडचिडा झाला, भांडू लागला. शाळेत न रमलेला तो मुलगा शहरातल्या बैठकांतही रमेना. १८२९ च्या ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा निघाला.

१८३० साली तो कोलंबिया नदीवर परतला, त्याच वर्षी तिथे तापाची भयंकर साथ पसरली. मूळ रहिवाशांची गावंच्या गावं ओस पडली. डग्लसने हे स्वतः पाहिलं आणि हूकर यांना पत्रात कळवलं. ज्यांनी त्याला बिया दाखवल्या, वाट दाखवली, त्यांच्या मुलखाची ही अवस्था झाली. वाचलेल्यांपैकी उम्पक्वा आणि कालापूया लोकांना पुढे १८५६ मध्ये त्यांच्या भूमीवरून हलवून ग्रँड रोंड इथल्या राखीव क्षेत्रात नेण्यात आलं. त्यांचे वंशज आजही ओरेगनमध्ये आहेत.

त्यानंतर डग्लस दीड वर्षाहून जास्त काळ कॅलिफोर्नियात होता. तिथून त्याने अनेक पाइनच्या बिया पाठवल्या. त्यांतला मॉन्टेरी पाइन मूळचा किनाऱ्यावरच्या अगदी थोड्या पट्ट्यातला, पण आज न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि चिलीमध्ये लाकडासाठी लाखो हेक्टरांवर लावलेला आहे.

१३ जून १८३३ रोजी फ्रेझर नदीच्या खळाळात त्याची होडी फुटली. सुमारे चारशे जातींचे नमुने आणि त्याची रोजनिशी वाहून गेली. बर्फावरच्या लखलखाटाने आणि वाळूच्या वाऱ्याने त्याचे डोळे आधीच बिघडले होते, एका डोळ्याने तर जवळजवळ काही दिसत नव्हतं. तरी तो थांबला नाही. हवाई बेटांवर गेला, तिथले ज्वालामुखी चढला. १२ जुलै १८३४ रोजी मौना केआ पर्वताच्या उतारावर रानटी गुरं पकडायला खणलेल्या खड्ड्यात तो मृतावस्थेत सापडला. त्याच खड्ड्यात एक बैल अडकलेला होता. पाय घसरून पडला की कुणी घात केला, याचा उलगडा कधीच झाला नाही. त्याचा लाडका कुत्रा बिली वरती त्याच्या सामानापाशी बसून होता. डग्लस तेव्हा अवघ्या ३५ वर्षांचा होता. होनोलुलूच्या कवाइआहाओ चर्चच्या आवारात त्याला पुरलं.

त्या झाडाचं आज काय?

साखरी पाइन आज संकटात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाहेरून आयात केलेल्या रोपांबरोबर एक तांबेरा रोग पश्चिम अमेरिकेत आला. आपल्या शेतकऱ्यांना गव्हावरचा तांबेरा माहीत आहे, त्याचाच हा नातलग. पाच सुयांचे पाइन त्याला बळी पडतात. या बुरशीचं निम्मं आयुष्य पाइनवर जातं आणि निम्मं रायबीज नावाच्या झुडपांवर. लाल फुलांचं एक रायबीज डग्लसनेच इंग्लंडच्या बागांत लोकप्रिय केलं होतं. रोगात त्याचा काही हात नाही, पण त्याच्या दोन आवडत्या झाडांची अशी गाठ पडावी, हे वाचून मन हळहळतं. जोडीला लाकूडतोड झाली. दुष्काळात साल पोखरणाऱ्या किड्यांनीही पुष्कळ झाडं मारली.

आशेची बाजू अशी की काही साखरी पाइनमध्ये या तांबेऱ्याला तोंड देण्याची नैसर्गिक शक्ती असते. तिथले वनकर्मचारी अशी झाडं हुडकतात, दोर लावून शेंड्यापर्यंत चढतात आणि शंकू उतरवतात. त्यांतल्या बियांपासून रोपं तयार करून पुन्हा जंगलात लावतात. दोनशे वर्षांपूर्वी जे तीन शंकू गोळी मारून पाडावे लागले, तेच आता माणसं हाताने, सांभाळून खाली आणतात.

वर्गात काय करता येईल?

पहिलं, घेर मोजा. एका मुलाचे पसरलेले हात साधारण १२० सेंटीमीटर धरले तर डग्लसच्या झाडाला कवेत घ्यायला १५ मुलं लागतील. मैदानावर १५ मुलांचं गोल कडं करा आणि मधल्या मोकळ्या जागेकडे बघायला सांगा. पुस्तकातला आकडा तेव्हा खरा वाटतो. मग शाळेजवळचा वड किंवा चिंच सुतळीने मोजा, तारीख घालून वहीत लिहा.

दुसरं, सुरूचं कोडं सोडवा. सुरूची एक हिरवी सुई हळूच ओढून बघा, ती सांध्यासांध्यावर सुटते. कारण ती पान नाहीच, बारीक फांदी आहे. खरी पानं त्या सांध्यांवरचे इवलेसे खवले. सुरूला फुलं येतात आणि त्याचं ते छोटं काटेरी बोंड म्हणजे फळांचा समूह. म्हणजे सुरू पाइन नव्हे. कोकणातल्या मुलांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या हातातच आहे.

तिसरं, वाण्याकडून चिलगोजे आणा. ते हिमालयातल्या एका पाइनचं बी आहे. महाग आहेत, पण वर्गाला चार दाणे पुरतात. सोलून दाखवा. डग्लसला तंबाखूच्या पिशवीत काय दिसलं असेल, याची कल्पना येईल.

आणि चौथं, मुलांना घरी एक काम द्या. आजीआजोबांना किंवा शेजारच्या शेतकरी काकांना एका झाडाबद्दल विचारायचं, त्याचं चित्र काढायचं आणि खाली माहिती देणाऱ्याचं नाव लिहायचं. नाव विसरायचं नाही. डग्लसच्या वहीत जे राहून गेलं, ते आपल्या मुलांच्या वहीत राहू नये.

करून बघा, आणि मुलांनी काय काय विचारलं ते नक्की कळवा.